समुद्रावरून दिसणारा इतिहास

तुर्कस्तानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर शिडाच्या नौकेतून प्राचीन अवशेष पाहत फिरण्याची जी हौस आज जगभरच्या प्रवाशांस लागली आहे, तिचा उगम एका लेखकाला झालेल्या शिक्षेत आहे. १९२५ साली जेव्हात शाकीर कबाआचली या लेखकास त्याच्या एका लेखाबद्दल बोद्रुम या तेव्हाच्या आडगावी हद्दपार करण्यात आले. बोद्रुम म्हणजे हिरोडोटसचे जन्मगाव हॅलिकार्नासस. शिक्षा संपल्यावरही हा गृहस्थ तेथेच रमला, ‘हॅलिकार्नाससचा कोळी’ या नावाने लिहू लागला, आणि साध्या होड्यांतून साहित्यिक मित्रांस तो किनारा दाखवू लागला. त्यांपैकी आझ्रा एरहात या विदुषीचे ‘निळा प्रवास’ अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक १९६२ साली निघाले. प्रवासी कंपन्या आल्या त्या मागाहून!

आमच्या मराठी दुर्गवाङ्मयाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे एक उणीव जाणवते. गो. नी. दांडेकरांसारख्यांनी गड पायी तुडवून वाचकांस सह्याद्रीचे वेड लावले. परंतु जलदुर्गही आम्ही बहुधा जमिनीवरूनच पाहतो.

सिंधुदुर्गाचेच पाहा. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर त्याचा पाया घातला गेला. आज मालवणच्या धक्क्यावरून निघालेली होडी थोड्याच वेळात थेट दरवाज्याशी लागते. वास्तविक तो दरवाजा बुरुजांच्या आड, किनाऱ्याकडील बाजूस ठेवलेला आहे. भर समुद्रातून येणाऱ्यास दिसावा तो केवळ अखंड तट. रचनाकाराने जे शत्रूपासून लपविले, तेच आम्ही प्रथम पाहतो आणि विद्यार्थ्यांस किल्ला दाखविला असे समजतो.

खुद्द शिवाजी महाराजांनी हा किनारा समुद्रावरून पाहिला होता. पायाभरणीनंतर अवघ्या तीन महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १६६५ मध्ये, ते मालवणास आरमारात चढले. ८५ लहान गलबते व ३ मोठी जहाजे बरोबर होती. गोवा ओलांडून त्यांनी बसरूर गाठले, ते लुटले आणि परतताना गोकर्णास तीर्थस्नान केले. पाठ्यपुस्तकांत या मोहिमेस एखादी ओळ मिळते, मिळालीच तर! परंतु किनाऱ्याची प्रत्येक खाडी आणि प्रत्येक खडक राजाने स्वतः पारखण्याचा हा प्रसंग लुटीपेक्षा कमी मोलाचा नव्हे, असे आम्हांस वाटते.

आम्हां बेळगाव-निपाणीकडच्यांस तर समुद्र परका म्हणताच येणार नाही. आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडीवरून पुढे गेले की वेंगुर्ले. सतराव्या शतकात डचांनी तेथे वखार घातली. तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. घाटावर रेल्वे येण्यापूर्वी बेळगावच्या छावणीचा माल याच बंदरी उतरून गाड्यांनी वर चढे. मुंबई-गोवा आगबोटी चालत होत्या तोवर कोकणच्या माणसांना हे दुर्ग निदान जाता-येता दिसत. त्या बंद पडल्या आणि ते दर्शनही संपले.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा दुर्ग जागतिक वारशात घेतले. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग व खांदेरी हे त्यांत आहेत. शाळांच्या सहली आता वाढतील. पावसाळा सरून दर्या निवळला म्हणजे एखाद्या शाळेने विजयदुर्गाहून मचव्याने निघावे. १७५६ साली इंग्रजांच्या तोफांखाली तुळाजी आंग्र्यांचे आरमार जेथे जळाले, ती वाघोटन खाडीच्या मुखाची जागा पाहावी. पुढे देवगड, सिंधुदुर्ग, निवती करीत वेंगुर्ल्यास उतरावे. तेथून आंबोलीच्या घाटाने बेळगावास परतता येते.