गावात न सामावलेली माणसे

नव्या आयुष्याच्या शोधात निघालेला माणूस हा चित्रपटांचा जुना नायक आहे. परदेशांतील स्वतंत्र, अल्पखर्ची चित्रपटांत तो बहुधा स्वभावानेच गावाशी न जुळणारा असतो आणि एके दिवशी गाव मागे टाकून निघून जातो. आमच्याकडे ही वाट इतकी सरळ नाही. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याशी नाते असलेल्या काही चित्रपटांचा इतिहास पाहिला असता हे ध्यानी येते.

आरंभ १९३९ पासून करावा लागेल. त्या वर्षी ‘प्रभात’चा, व्ही. शांताराम दिग्दर्शित ‘माणूस’ पडद्यावर आला. त्यातील गणपत ह्या पोलीस शिपायाची भूमिका करणारे शाहू मोडक नगरच्या मराठी ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले. हा शिपाई मैना नावाच्या वेश्येला त्या वस्तीतून बाहेर काढून संसारात आणू पाहतो. परंतु शांता हुबळीकरांच्या मैनेला तिचा भूतकाळ तो उंबरठा ओलांडू देत नाही. चित्रपट थोर आहे. तरीही तेथे नवे आयुष्य दुसऱ्याने करुणेने देऊ केलेले असते, आणि ते नाकारण्यापलीकडे मैनेच्या हाती फारसे काही उरत नाही.

पुढे सत्तर वर्षांनी कॅमेरा वेशीबाहेरच्यांच्याच हाती आला. सोलापूर जिल्ह्यातील जेऊरचे, वडार समाजातील नागराज मंजुळे संज्ञापन अभ्यासासाठी नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात आले. शाळेची ओढ लागलेल्या, पण गरिबीने अडवलेल्या मुलाची गोष्ट सांगणारा त्यांचा ‘पिस्तुल्या’ (२००९) हा लघुपट राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी ठरला. भाऊराव कऱ्हाडे हेही ह्याच महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांनी जमीन विकून ‘ख्वाडा’ उभा केला. रानोमाळ मेंढरे हाकणाऱ्या कुटुंबातील तरुण बाळूला लग्न करून एका जागी स्थिरावायचे आहे. त्याचे नवे आयुष्य म्हणजे स्वतःचे घर, एवढेच! इतक्या साध्या मागणीलाही गावोगावची सत्ता आडवी येते.

‘फँड्री’ची कथा नगरजवळच्या अकोळनेर गावात घडते. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी तो प्रदर्शित झाला. कैकाडी समाजातील जब्याला शाळेतली शालू आवडते. तिच्यासाठी तो काळी चिमणी शोधत हिंडतो. त्याच्या घराण्याकडे मात्र गावाने डुकरे धरण्याचे काम लावून दिले आहे. अखेरीस सारे गाव, आणि शालूही, ह्या कुटुंबाची फजिती पाहून हसते. चिडलेला जब्या दगड भिरकावतो, तो थेट प्रेक्षकाच्या रोखाने येतो.

जब्या स्वभावाने गावाला परका नाही, हे आम्ही नोंदवू इच्छितो. त्याला जत्रेत नाचायचे आहे, इतर मुलांसारखी पँट घालायची आहे. तो गावाचाच होऊ पाहतो. गाव त्याला होऊ देत नाही. मंजुळ्यांच्याच ‘सैराट’मध्ये (२०१६) आर्ची आणि परशा हैदराबादला पळून जातात, कष्टाने संसार उभारतात, तरी गाव त्यांचा माग काढत तेथे पोहोचतेच. पळून जाणाऱ्याला अंतर वाचवत नाही.

ही केवळ पडद्यावरची गोष्ट नव्हे. ‘फँड्री’ प्रदर्शित होऊन तीन महिनेही उलटले नव्हते, तोच ह्याच जिल्ह्यातील खर्डा येथे, २८ एप्रिल २०१४ रोजी, सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी तो बोलला ह्या कारणावरून त्याला मारण्यात आले, असा आरोप होता. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडले.

‘फँड्री’तील गावकरी कुंपणाशी, दगडांवर बसून मजा पाहत असतात. त्यांतील बहुतेकांच्या हातून काहीच घडत नाही. ते फक्त पाहतात. न्यायालयात गप्प झालेले साक्षीदार आणि हे प्रेक्षक ह्यांच्यात फारसे अंतर आहे असे आम्हांस वाटत नाही. जब्याचा दगड आमच्याकडे का येतो, ह्याचे उत्तर कदाचित येथेच असावे. वेशीबाहेरच्याला नवे आयुष्य लाभायचे असेल, तर पाहणाऱ्यांपैकी कोणी तरी एकाने उठून पाहिले ते सांगायला हवे.