घाम, हवा आणि आष्टीचा उन्हाळा : देहाच्या तापमान-नियमनाविषयीच्या ज्ञानाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

वर्धा जिल्ह्यातील आष्टी हे गाव १६ ऑगस्ट १९४२ च्या उठावामुळे स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासात परिचित आहे. कापूस, तूर व संत्री पिकविणाऱ्या या परिसरातील श्रमिकाला दरवर्षी झुंजावे लागते ते मात्र उन्हाशी. ही झुंज देह कशाच्या बळावर देतो, हे ज्ञान कसे घडले आणि ते शेतमजुराच्या कितपत उपयोगी पडले, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

घामाचा शोध :

मानवी देहाचे आंतरिक तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर असते. जर्मन वैद्य वुंडरलिख यांनी सुमारे २५ हजार रुग्णांच्या नोंदींवरून १८६८ मध्ये हा आकडा रूढ केला. परंतु स्थिरतेचे रहस्य त्याआधीच हाती येऊ लागले होते. लंडनमध्ये चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्यांचे सहकारी पाण्याच्या उत्कलनबिंदूहूनही अधिक तापविलेल्या कोरड्या खोलीत काही मिनिटे थांबले. तेथे ठेवलेले मांस शिजले, माणसे मात्र सुखरूप बाहेर आली. हा वृत्तान्त १७७५ मध्ये प्रसिद्ध झाला. देह स्वतःला थंड करतो आणि त्यात घामाच्या बाष्पीभवनाचा मोठा वाटा असतो, हे त्यातून पुढे आले. एक लिटर घाम पूर्णपणे वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता वाहून नेतो. नुसता ओघळून गेलेला घाम जवळपास निरुपयोगी ठरतो.

या शेवटच्या वाक्यातील मर्म ओळखले ते जॉन हाल्डेन यांनी. इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या खाणींतील उष्ण हवेचा अभ्यास करून त्यांनी १९०५ मध्ये दाखविले की, निर्णायक ठरते ते साध्या तापमापकाचे नव्हे, तर ओल्या फडक्याने गुंडाळलेल्या तापमापकाचे मोजमाप. हवेतील आर्द्रता वाढली की घाम वाळत नाही आणि देहाचा एकमेव मोठा आधार निखळतो. ब्लॅग्डेन यांचे प्रयोग सुखवस्तू जिज्ञासूंचे होते. हाल्डेन यांचा प्रश्न श्रमिकांच्या देहाचा होता, म्हणूनच तो इतिहासाच्या दृष्टीने अधिक मोलाचा मानावा लागेल.

विदर्भातील व्यवहार :

हे शास्त्र न शिकताही विदर्भाने बाष्पीभवनाचा उपयोग केला. मातीचा माठ, वाळ्याच्या ताट्या, डोक्याला बांधलेला ओला दुपट्टा आणि अलीकडचा कूलर ही सारी एकाच तत्त्वाची रूपे होत. आष्टीचा उठाव झाला त्याच महिन्यात आगाखान पॅलेसमध्ये बंदिवान असलेल्या महात्मा गांधींनी आरोग्यावरील आपले छोटे पुस्तक लिहावयास घेतले. त्यात ज्वरावर ओल्या चादरीच्या वेष्टनाचा उपचार सांगितला आहे. येथे एक भेद ध्यानात घ्यावा. ज्वरात मेंदूतील हायपोथॅलॅमस हे नियंत्रणकेंद्र तापमानाची पातळीच वर नेते. उष्माघातात पातळी तीच राहते, परंतु नियमन कोलमडते. म्हणून उष्माघातावर तापाची गोळी चालत नाही. अंगावर पाणी मारून वारा घालणे, शक्य असल्यास थंड पाण्यात बुडविणे, हाच उपाय.

नवतपा आणि मृग :

नवतप्यात पारा ४५ अंशांवर आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या तापमापकाचे मोजमाप २४ अंशांच्या आसपास राहते. मृगाच्या सुमारास पारा ३५ वर उतरला आणि आर्द्रता ६५ टक्के झाली, तर तेच मोजमाप सुमारे २९ अंशांवर जाते. लोकभाषेने हा फरक ऊन आणि उकाडा या दोन शब्दांत केव्हाच टिपला आहे, आणि कूलर निरुपयोगी होतो तो याच दिवसांत. नवतपा निर्धोक आहे असा याचा अर्थ नव्हे. ३५ अंशांपुढे हवाच त्वचेला तापवू लागते, घाम प्रचंड जातो, आणि पाणी व मीठ न मिळाल्यास देह खचतो. परंतु या उन्हात शेत बहुधा रिकामे असते. सरकी लावण्यासाठी मजूर, विशेषतः स्त्रिया, दिवसभर वाकून राबतात ते उकाड्यात. श्रमाने देहातच निर्माण होणारी उष्णता तेव्हा बाहेर पडावयास वाट शोधत असते.

१६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे उघड्या मैदानावरील समारंभानंतर १४ जण दगावले. त्या दिवशी परिसरातील कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होते. विदर्भात एप्रिलमध्ये हा आकडा कोणाच्या लक्षातही येत नाही. भारतीय हवामान विभागाने त्याच वर्षी आर्द्रता जमेस धरणारा उष्णता निर्देशांक प्रायोगिक स्वरूपात सुरू केला. तथापि मैदानी प्रदेशात उष्णतेची लाट घोषित होण्यासाठी कमाल तापमान किमान ४० अंश असावे लागते. आष्टीच्या शिवारात मृगाची पेरणी सुरू होते तेव्हा पारा बहुधा चाळिशीखाली आलेला असतो, आणि ही व्याख्या तेथे लागूच होत नाही.