कोंकणच्या सड्यावरील चित्रें

राजापूर तालुक्यांतील बारसूच्या सड्यावर उन्हाळ्यांत उभें राहिलें, तर जांभ्याच्या कातळाखेरीज दुसरें कांहीं दिसत नाहीं. ओसाड व निरुपयोगी जमीन, अशीच परक्याची समजूत व्हावी. पण ऊन तिरपें झालें कीं त्याच कातळांत रेघा उमटूं लागतात: मध्यें एक मनुष्य, आणि त्याच्या दोहों बाजूंस दोन वाघ. सिंधु-संस्कृतीच्या मुद्रेवरहि असा देखावा आढळतो. तथापि तेवढ्यावरून नातें जोडणें धाडसाचें होय.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे व सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनीं गांवोगांव पायपीट करून अशीं कातळशिल्पें शेंकड्यांनीं उजेडांत आणलीं. कशेळीचा हत्ती सुमारें १८ मीटर लांब व १३ मीटर रुंद असून त्याच्या पोटांत लहानसहान प्राण्यांची जणूं जत्राच भरली आहे. कोठें गेंडा दिसतो. आज कोंकणांत गेंडा औषधालाहि सांपडावयाचा नाहीं. शेतीचें चित्र मात्र आढळत नाहीं, म्हणून हे लोक शिकारीवर जगणारे असावेत, असें पुरातत्त्वज्ञ तेजस गर्गे मानतात.

२०२२ सालीं कोंकण व गोवा येथील अशीं नऊ स्थळें युनेस्कोच्या संभाव्य वारसा-यादींत गेलीं. बारसू त्यांपैकीं एक. त्याच वर्षीं त्याच परिसरांत तेलशुद्धीकरण कारखान्याची योजना पुढें आली, आणि २०२३ च्या एप्रिलांत मातीपरीक्षण सुरू होतांच ग्रामस्थ विरोधासाठीं सड्यावर जमले.

आधीं पाहणी करावी, मग कारखाना उभारावा, हा मार्ग जगांत अन्यत्र चोखाळला गेला आहे. पापुआ न्यू गिनींत पोर्ट मोर्झबीजवळ नैसर्गिक वायूच्या कारखान्यापूर्वीं २००९-१० मध्यें उत्खनन झालें. लापिता पद्धतीचीं नक्षीदार भांडीं घेऊन पॅसिफिकच्या बेटांवर वसणारे दर्यावर्दी या किनाऱ्यास कधीं लागलेच नव्हते, असा तोंवर समज होता. तेथें सुमारें २,९०० वर्षांपूर्वींचीं त्यांचींच खापरें निघालीं. कारखाना झाला, पण पुरावाहि हातीं राहिला.

कोंकणांत एवढ्यानें भागत नाहीं. खापर उचलतां येतें, सडा उचलतां येत नाहीं. शिवाय खापराचें वय तें ज्या थरांत सांपडतें तो थर सांगतो. उघड्या कातळावर थरच नाहीं. म्हणून कोणी या चित्रांस दहा-बारा हजार वर्षें देतात, कोणी पुष्कळच कमी. चित्राभोवतीं कुंपण घालून बाकीची जमीन मोकळी केली, तर चित्र वांचेल, पण त्याचा काळ ठरविण्याचें साधन जाईल. कारण तें साधन आसपासच्या घळींत व गुहांतच मिळावयाचें. सिंधुदुर्गांतील कोळोशीच्या गुहेंत दगडी हत्यारें निघालीं, तीं अशाच शोधांत.