वजन उचलणें आणि पायांतले जोडे

वजन उचलण्यास खास जोडे लागतात काय, याचें उत्तर त्या खेळाच्या इतिहासांत सांपडतें. १८९६ सालीं अथेन्सच्या ऑलिंपिकमध्यें डेन्मार्कच्या व्हिग्गो येन्सेननें दोन्ही हातांनीं १११.५ किलो वजन उचललें. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बहुतेक मल्ल एक पाय पुढें व एक मागें टाकून वजन पेलीत. पुढें खोल बैठकींत तें झेलण्याची रीत रूढ झाली. १९७२ नंतर उभ्यानें केवळ हातांच्या जोरावर वजन वर नेण्याचा प्रकार स्पर्धांतून गेला, आणि बैठकीचें महत्त्व अधिकच वाढलें.

या बैठकींत घोटा फार वांकतो. तो न वांकला तर टांच उचलली जाते, नाहींतर छाती पुढें झुकते. जोड्याची सुमारें दोन सेंटिमीटर उंच, कठीण टांच ही अडचण दूर करते. मऊ तळवा मात्र दबतो आणि तोल डळमळतो.

जमिनीवरून वजन केवळ मांडीपर्यंत उचलण्यास सपाट तळवा पुरतो. आपल्या तालमींत तर अनवाणीच मेहनत चाले. तेव्हां स्पर्धेसाठीं जोडे जरूर घ्यावे. परंतु ते नाहींत म्हणून गरिबाच्या मुलास आखाड्याच्या दारावरून परत पाठवूं नये. जोडा तोल सांवरतो. बळ मेहनतीनेंच येतें.