पुढल्या वर्षाची वाट पाहणारी मुले

न्यूयॉर्क महानगराच्या पाच विभागांपैकी ब्रुकलिन हा एक. १८९८ पर्यंत ते स्वतंत्र शहर होते. त्या वर्षी ते न्यूयॉर्कमध्ये विलीन झाले आणि नदीपलीकडच्या मॅनहटनपुढे आपण धाकटी पाती ठरलो, ही सल तेथल्या माणसांच्या मनात घर करून राहिली. स्वतःचा महापौर गेला, नगरपालिका गेली; उरले ‘ब्रुकलिन ईगल’ नावाचे एक वृत्तपत्र आणि ‘ब्रुकलिन डॉजर्स’ नावाचा एक बेसबॉलचा संघ. रस्त्यावरच्या ट्रॉलीगाड्या चुकवीत, अंग चोरीत वाट काढणारे लोक, असे ब्रुकलिनकरांना थट्टेने म्हटले जाई. त्यावरूनच संघाचे हे नाव पडले. १९५० च्या शिरगणतीत या एका विभागाची वस्ती २७ लाखांहून अधिक भरली. आयरिश, इटालियन, पोलिश, ज्यू, कृष्णवर्णीय, सारे शेजारी शेजारी. प्रार्थनामंदिरे वेगळी, भाषा वेगळ्या, स्वयंपाकघरातले वासही वेगळे. संघ तेवढा सर्वांचा एक.

या संघाने ४ ऑक्टोबर १९५५ रोजी मिळवलेल्या अजिंक्यपदाविषयी, किंबहुना तेव्हाच्या मुलांनी त्याची जी आठवण आयुष्यभर जपली तिच्याविषयी, आम्ही येथे लिहू इच्छितो. अजिंक्यपदे येतात आणि जातात. बहुतेक नोंदवहीत जाऊन पडतात. हे एक मात्र सात दशकांनंतरही नातवंडांना सांगितले जाते. असे का व्हावे, हा प्रश्न खेळापेक्षा इतिहासाचा आहे, असे आम्हांस वाटते.

क्रिकेटवर वाढलेल्या आमच्या वाचकांसाठी खेळाबद्दल दोन शब्द पुरेत. गोलंदाजाच्या जागी येथे पिचर असतो, यष्टिरक्षकाच्या जागी कॅचर. चेंडू टोलवून चौकोनाच्या कोपऱ्यांवरील बेसना क्रमाने स्पर्श करीत मूळ जागी परतले की एक धाव. तीन गडी बाद झाले की डाव संपला, आणि प्रत्येक संघाला असे नऊ डाव. दोन मोठ्या लीगचे विजेते शरद ऋतूत ‘वर्ल्ड सिरीज’मध्ये एकमेकांस भिडतात, सातांपैकी चार सामने जिंकणारा अजिंक्य.

डॉजर्स ही मालिका १९१६ साली हरले, १९२० साली हरले. पुढे त्यांची गाठ पडली ती त्याच महानगराच्या ब्रॉन्क्स विभागातल्या श्रीमंत, दिमाखदार ‘न्यूयॉर्क यांकीज’शी. १९४१, १९४७, १९४९, १९५२, १९५३ अशा पाच वेळा दोन्ही संघ समोरासमोर आले आणि पाचही वेळा यांकीज जिंकले. १९४१ च्या एका सामन्यात तर शेवटचा गडी बाद होऊन विजय हाती आल्यासारखाच होता. तेवढ्यात कॅचर मिकी ओवेनच्या हातून चेंडू निसटला, फलंदाज धावत सुटला आणि त्याबरोबर सामनाही गेला. ही कथा बापांनी मुलांना सांगितली. ज्या मुलांचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, त्यांनाही तो निसटलेला चेंडू डोळ्यांनी पाहिल्यासारखा आठवे. १९५१ साली जायंट्सच्या बॉबी थॉमसनने अगदी शेवटच्या डावात एका टोल्यासरशी डॉजर्सचे लीगचे विजेतेपदच हिरावून नेले, तेव्हा मुलांना वडिलांच्या कथेची स्वतःची प्रत मिळाली. दर शरदात ब्रुकलिनचे लोक एकच वाक्य उच्चारीत: पुढल्या वर्षी पाहू! व्यंगचित्रकार विलार्ड मुलिन या संघाला फाटक्या कपड्यांतल्या भणंगाच्या रूपात रेखाटीत, आणि ब्रुकलिनकरांनी ती शिवीच लाडाचे नाव म्हणून उचलली.

या बालपणाचे सर्वांत बोलके चित्र डोरिस कर्न्स गुडविन या नामवंत इतिहासकार विदुषींनी १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत काढले आहे. त्या ब्रुकलिनमध्ये जन्मल्या आणि जवळच्याच लाँग आयलंडवर एका कॅथलिक घरात वाढल्या. वडिलांनी त्यांना सहाव्या वर्षीच सामन्याची धावनोंद लिहावयास शिकवले. वडील दिवसभर कामावर. सामने बहुधा दुपारी. मुलीने रेडिओ ऐकून सारे टिपून ठेवावे आणि संध्याकाळी एकेक डाव त्यांना सांगावा. सामन्याची हकीकत दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात सविस्तर येते, हे वडिलांनी तिला कित्येक दिवस कळू दिले नाही. आपण सांगितले नाही तर बाबांना निकाल कळणारच नाही, अशी तिची समजूत. इतिहास सांगण्याची गोडी आपणांस तेथेच लागली, असे त्या म्हणतात. पहिल्या पापनिवेदनाच्या वेळी या चिमुरडीने, प्रतिस्पर्धी खेळाडूंना दुखापत व्हावी अशी इच्छा आपण मनात धरली, हे पाप धर्मगुरूंपुढे कबूल केले. आपल्या धर्मग्रामांतील किती मुलांनी एखाद्या वेगवान गोलंदाजाविषयी असेच पाप लपवून ठेवले असेल, कोण जाणे!

याच काळात ब्रुकलिनच्या एका चर्चमध्ये जे घडले ते आमच्या वाचकांना विशेष रुचेल. डॉजर्सचा पहिल्या बेसवरचा खेळाडू गिल हॉजेस हा इंडियाना राज्यातल्या खाणकामगाराचा मुलगा. दुसऱ्या महायुद्धात तो ओकिनावाला लढला, पुढे ब्रुकलिनच्या मुलीशी लग्न करून तेथेच स्थायिक झाला. कॅथलिक, मितभाषी, रविवारी मिस्साला जाणारा, शेजाऱ्यांत मिळूनमिसळून राहणारा. १९५२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये त्याला २१ संधी मिळाल्या आणि त्यांत एकदाही चेंडू नीट लागला नाही. पुढचा हंगाम उजाडला तरी त्याला सूर सापडेना. दुसऱ्या एखाद्या शहराने अशा खेळाडूची हुर्यो उडवली असती. ब्रुकलिनने त्याला पत्रे धाडली, पदके धाडली, जपमाळा धाडल्या. मे १९५३ मधल्या एका उकाड्याच्या रविवारी संत फ्रान्सिस झेवियर चर्चमध्ये (होय, ज्यांचे पार्थिव गोव्यात आहे त्याच आपल्या संताच्या नावाचे) फादर हर्बर्ट रेडमंड वेदीसमोर उभे राहिले आणि म्हणाले की, आज प्रवचन देण्यासारखी हवा नाही. घरी जा, आज्ञा पाळा आणि गिल हॉजेससाठी एक प्रार्थना म्हणा. त्या हंगामाअखेर हॉजेसची सरासरी .३०२ झाली होती.

याला चमत्कार म्हणण्याचा मोह आम्ही टाळतो. यांकीजचा कॅचर योगी बेरा हाही सेंट लुईसच्या इटालियन वस्तीतला कॅथलिकच होता आणि त्याच्यासाठीही कोणी तरी मेणबत्ती लावीत असणारच. परंतु त्या चर्चमध्ये बसलेल्या मुलांनी एक गोष्ट पाहिली: अपयशी माणसाला हिणवायचे नसते, त्याच्यासाठी गुडघे टेकायचे असतात, आणि हे थोरांनी बोलून नव्हे, करून दाखवले. ती मुले १९५५ च्या विजयाला हॉजेसपासून वेगळे करू शकत नाहीत, त्याचे कारण हे आहे.

दुसरे कारण जॅकी रॉबिन्सन. १५ एप्रिल १९४७ रोजी हा कृष्णवर्णीय खेळाडू डॉजर्सकडून मैदानात उतरला आणि विसाव्या शतकात मोठ्या लीगमध्ये चालत आलेली वर्णभेदाची भिंत पडली. अमेरिकेच्या शाळांतून वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यानंतर सात वर्षांनी, १९५४ साली आला. ब्रुकलिनच्या गोऱ्या मुलांना ही बाब पुस्तकातून शिकावी लागली नाही. गल्लीत खेळताना ‘मी रॉबिन्सन’ म्हणून ती आपसांत भांडत.

आता तो दिवस. मालिकेचे पहिले दोन सामने यांकीजनी जिंकले. ३० सप्टेंबरला, आपल्या तेविसाव्या वाढदिवशी, जॉनी पॉड्रेस या तरुण पिचरने तिसरा सामना डॉजर्सला जिंकून दिला. मग चौथा, पाचवाही ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डवर डॉजर्सकडे आला. सहावा यांकीजनी घेतला. तीन-तीन अशी बरोबरी झाली आणि मंगळवारी, असिसीच्या संत फ्रान्सिसच्या सणादिवशी, निर्णायक सामना यांकीजच्याच मैदानावर सुरू झाला.

मंगळवार म्हणजे शाळेचा दिवस. त्या काळी वर्ल्ड सिरीजचे सामने दिवसाच होत. रात्रीचा पहिला सामना व्हावयास १९७१ उजाडले. त्यामुळे त्या पिढीच्या आठवणी घराइतक्याच वर्गाच्या आहेत. कोठे बाईंनी स्वतःच रेडिओ आणून टेबलावर ठेवला, कोठे निकाल हळू आवाजात बाकाबाकांवरून पुढे सरकला. शाळा सुटल्यावर उघड्या खिडक्यांतून, दुकानांतून, उभ्या मोटारींतून एकच समालोचन ऐकू येत होते. घरी पोहोचेपर्यंत एकही चेंडू चुकला नाही, असे सांगणारे वृद्ध भेटतात. ज्यांनी १९८३ च्या जूनमधील ती रात्र जागून काढली, त्यांना हे पटवून देण्याची गरज नाही.

चौथ्या डावात हॉजेसच्या टोल्यावर रॉय कॅम्पनेला परतला: एक धाव. सहाव्या डावात पुन्हा हॉजेसनेच पी वी रीसला घरी आणले: दोन. मग सहाव्या डावाचा उत्तरार्ध. यांकीजचे दोन खेळाडू बेसवर, एकही बाद नाही आणि समोर योगी बेरा. त्याने मारलेला उंच चेंडू डाव्या सीमेकडे, कोणीच नसलेल्या कोपऱ्यात निघाला. त्याच डावात तेथे नव्याने उभा केलेला क्यूबाचा सँडी अमोरोस धावत सुटला. तो डावखुरा, म्हणून झेलाचा हातमोजा उजव्या हातात. उजव्या हाताच्या खेळाडूला जो चेंडू मिळाला नसता तो त्याच्या पसरलेल्या हातात विसावला. चेंडू लगेच रीसकडे, रीसकडून हॉजेसकडे, आणि एका झेलात दोघे बाद! पुढे यांकीजना धाव काही मिळाली नाही. दुपारी ३ वाजून ४३ मिनिटांनी शेवटचा चेंडू रीसने हॉजेसकडे फेकला. २-०. ब्रुकलिन अजिंक्य.

दूरदर्शनवर त्या क्षणी २७ वर्षांचे विन स्कली बोलत होते. ब्रुकलिन डॉजर्स जगज्जेते झाले, एवढे एक वाक्य त्यांनी उच्चारले आणि ते गप्प झाले. आणखी एक शब्द बोललो असतो तर रडू कोसळले असते, असे त्यांनी नंतर सांगितले. इकडे ब्रुकलिनमध्ये मोटारींचे भोंगे सुरू झाले, खिडक्यांतून कागदांचे कपटे उडाले, टेलिफोनच्या तारा तुंबल्या. दुसऱ्या दिवशी ‘डेली न्यूज’च्या पहिल्या पानावर दात पडलेला भणंग तोंडभर हसत होता आणि मथळा विचारत होता की, भणंग कोणाला म्हणता? ‘ब्रुकलिन ईगल’ला मात्र मथळा देता आला नाही. शंभरांहून अधिक वर्षे चाललेले ते पत्र त्याच वर्षीच्या जानेवारीत, संपाच्या काळात बंद पडले होते. ‘पुढले वर्ष’ आले, ते आपल्या पत्रात वाचण्याचे भाग्य काही ब्रुकलिनला लाभले नाही.

आठवणींवर इतिहास रचणाऱ्याने सावध राहिले पाहिजे, हेही येथे सांगणे प्राप्त आहे. ज्याच्यावाचून या संघाचे चित्रच पुरे होत नाही तो जॅकी रॉबिन्सन त्या निर्णायक सामन्यात खेळलाच नव्हता. तिसऱ्या बेसवर डॉन होक उभा होता. प्रेक्षक रॉबिन्सनची निर्भर्त्सना करीत असता रीसने त्याच्या खांद्यावर हात टाकला, ही गोष्ट तर आता ब्रुकलिनमध्ये पुतळारूपाने उभी आहे. तो २००५ साली बसवण्यात आला. पण ते नेमके कोणत्या वर्षी, कोणत्या शहरात घडले यावर जाणकारांचे एकमत नाही. आमच्या मते यामुळे आठवण खोटी ठरत नाही. मुलांनी काय पाहिले एवढेच तिच्यात नसते; काय जपण्यासारखे मानले, तेही असते. त्या दोघांची मैत्री तर कागदोपत्रीही खरीच होती.

अजिंक्यपद मिळून दोन वर्षे झाली आणि संघच गेला. मालक वॉल्टर ओमॅली यांना जुन्या, अपुऱ्या एबेट्स फील्डऐवजी ब्रुकलिनमध्येच नवे मैदान हवे होते; शहराच्या बांधकामांची सूत्रे हाती असलेले रॉबर्ट मोझेस त्यांना क्वीन्स विभागात जागा दाखवीत होते. दोष कोणाचा, हा वाद अद्याप मिटलेला नाही. आमचे मत विचाराल तर दोघांच्याही हिशेबात शाळकरी मुलांसाठी रकाना नव्हता. २४ सप्टेंबर १९५७ रोजी शेवटचा सामना झाला तेव्हा मैदानात ६,७०२ माणसे होती. ८ ऑक्टोबरला संघ लॉस एंजेलिसला जाणार हे जाहीर झाले. दर वर्षी जिंकणाऱ्या संघाची मुले आपल्या आठवणी एकमेकींत मिसळून टाकतात. ब्रुकलिनच्या मुलांकडे मिसळण्यासाठी दुसरे काही उरलेच नाही.

पुढे त्यातला प्रत्येक जण आपापल्या वाटेने गेला. कॅम्पनेला जानेवारी १९५८ मधल्या मोटार अपघाताने कायमचा पंगू झाला. अमोरोस क्यूबात सर्वस्व गमावून १९६७ साली अमेरिकेत परतला, तेव्हा निवृत्तिवेतनास पात्र ठरावा म्हणून लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी काही दिवसांपुरते त्याचे नाव आपल्या यादीत घातले; त्या एका झेलाची ती उशिराची परतफेड. हॉजेस न्यूयॉर्कच्या नव्या ‘मेट्स’ संघात आला, त्याचा व्यवस्थापक झाला आणि १९६९ साली त्याने त्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. २ एप्रिल १९७२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, हृदयविकाराने त्याचे निधन झाले. अठ्ठेचाळीस पुरी व्हावयास दोन दिवस उरले होते. अंत्यविधी ब्रुकलिनच्याच चर्चमध्ये झाला. बेसबॉलच्या सन्मानमंदिरात त्याला प्रवेश मिळावा म्हणून १९५५ ची मुले दशकानुदशके आग्रह धरून होती. २०२२ साली तो मिळाला, तेव्हा त्यांतली कित्येक ऐंशीच्या घरात होती.

एबेट्स फील्ड १९६० साली पाडण्यात आले. भिंती फोडणाऱ्या लोखंडी गोळ्याला बेसबॉलच्या चेंडूसारखा पांढरा रंग देऊन वर टाके काढले होते. त्या जागी उंच इमारती झाल्या, त्यांत कुटुंबे राहावयास आली, आणि त्यांच्या आवारात एक फलक लागला: येथे चेंडू खेळण्यास मनाई आहे.