औषध, दुभाष्या आणि साक्ष

रोग्याची नाडी पाहण्याआधीं वैद्याला त्याचा शब्द ऐकावा लागतो. पोटांत कळ येते, डोळ्यांपुढें अंधारी येते, जीव घाबरा होतो, हें रोग्यानें सांगितल्यावांचून कोणत्याहि यंत्राला कळत नाहीं. वैद्य आणि रोगी एकाच बोलीचे असले तर हा व्यवहार सुरळीत चालतो. परंतु रोगी एका भाषेचा, वैद्य दुसरीचा, आणि त्यांचें बोलणें लिहून घेणारा तिसरीचा असला, म्हणजे मध्यें दुभाष्या उभा राहतो आणि रोग्याचें बरेंवाईट कांहीं अंशीं त्या दुभाष्याच्या जिभेवर अवलंबून राहतें. हल्लीं नव्या औषधाची पारख एकाच वेळीं अनेक देशांत होते. तिची नोंद संगणकांत ठेवतात आणि त्या एका नोंदींत अनेक भाषा सांभाळाव्या लागतात. हा प्रश्न संगणकाबरोबर जन्मास आला, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः तो आपल्या पश्चिम किनाऱ्यावर साडेचारशें वर्षांपूर्वींच उभा राहिला होता; आणि त्याचें एक चांगलें उत्तरहि याच किनाऱ्यावरच्या वैद्यांनीं व पंडितांनीं देऊन ठेवलेलें आहे.

हा किनारा मुळांतच अनेक भाषांचा. मी राहतों तें रेडी गांव वेंगुर्लें तालुक्याच्या दक्षिण टोंकाला आहे. घरांत मालवणी, शाळेंत पुस्तकी मराठी, आणि तेरेखोलची खाडी ओलांडली कीं गोव्याची कोंकणी, अशी आमची नित्याची स्थिति. सोळाव्या शतकांत गोव्यांत पोर्तुगीज स्थिरावले. सतराव्या शतकांत वेंगुर्ल्यास डचांनीं वखार घातली; तिचे भग्न अवशेष आजहि पाहावयास मिळतात. ह्या परक्या लोकांना मिरी-दालचिनी तर हवी होतीच. पण येथील ताप, हगवण आणि पटकी यांना तोंड देण्यासाठीं येथल्या वैद्यांचें ज्ञानहि हवें होतें. तें मिळवावयाचें म्हणजे भाषांतर करणें आलें.

गार्सिया द ओर्ता नांवाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ सालीं गोव्यास आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारींहि त्याचें जाणें-येणें होतें. येथील औषधींविषयींचा त्याचा ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांतच छापला गेला. तो संवादरूपानें लिहिलेला आहे. एक जण शंका विचारतो, ओर्ता उत्तर देतो, मधून मधून एखादा हिंदु वैद्य येऊन आपलें मत सांगून जातो. औषधीचा विषय निघाला कीं अरब तिला काय म्हणतात, गुजराथेंत काय म्हणतात, दक्षिणेंत व मलबारांत काय म्हणतात, हें ओर्ता बहुधा वेगवेगळें सांगतो. एकच नांव खरें व बाकीचीं अपभ्रष्ट, असें मानून तो स्वस्थ बसला नाहीं.

ह्या पद्धतीचें महत्त्व एका शब्दावरून कळेल. १५४३ सालीं गोव्यांत वांति-रेचाची एक भयंकर सांथ आली होती. ओर्तानें ह्या रोगाचें पोर्तुगीज वैद्यांतलें नांव दिलें, अरबांचें दिलें, आणि येथील लोक त्यास कोणत्या शब्दानें ओळखतात तेंहि दिलें. तो शब्द म्हणजे आपली 'मोडशी'. मनुष्य मोडून पडतो म्हणून मोडशी. आपल्या देशबांधवांच्या तोंडीं ह्या शब्दाचा 'मोर्देशी' झाला आहे, हेंहि त्यानें प्रामाणिकपणें नमूद केलें. पुढें हा बिघडलेला शब्द फ्रेंचांच्या कानीं पडला. त्यांना त्यांत आपल्याच भाषेंतले 'मोर द शियाँ' हे शब्द ऐकूं आले. त्यांचा अर्थ 'कुत्र्याचें मरण'! मग इंग्रजांनींहि तोच प्रयोग उचलला, आणि अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत हिंदुस्थानांतील पटकीला युरोपियन लोक त्या नांवानें ओळखीत. मूळ शब्दांत कुत्रा नव्हता. तो भाषांतराच्या वाटेवर कोठून तरी आंत शिरला.

गंमत एवढ्यावर संपत नाहीं. आज आपल्या घरांत मुलाला मोडशी झाली असें म्हटलें, तर आई त्याला आल्याचा रस देते. पटकीची शंकाहि तिच्या मनांत येत नाहीं. म्हणजे शब्द तोच राहिला, पण चार शतकांत त्याचा अर्थ सौम्य झाला. जुन्या कागदांतली मोडशी आजच्या अर्थानें वाचणारा फसेल. म्हणून वैद्यकांतील शब्दाबरोबर तो कोणी, कोठें आणि केव्हां उच्चारला, ही नोंद असणें अगत्याचें ठरतें.

ओर्ताच्या ग्रंथाचें पुढें काय झालें? क्लूसियस नांवाच्या विद्वानानें १५६७ सालीं त्याचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला. युरोपच्या विद्वन्मंडळींना ओर्ता कळला तो प्रायः ह्याच संक्षेपांतून. संक्षेप व्यवस्थित होता; परंतु त्यांतून संवाद गेला. कोण विचारीत होता, कोण सांगत होता, कोठें शंका राहिली होती, हें सर्व पुसलें जाऊन केवळ निष्कर्ष उरले. वाचणाऱ्याची सोय झाली. पण बोलणाऱ्याचा आवाज गेला.

आतां दुसरा ग्रंथ पाहूं. हेन्द्रिक व्हान ऱ्हीड हा कोचीन येथील डचांचा मुख्य अधिकारी. त्यानें मलबारच्या औषधी वनस्पतींचा 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ तयार करविला. तो १६७८ ते १६९३ ह्या काळांत ॲम्स्टरडॅम येथें छापला गेला. त्यांत सातशेंहून अधिक वनस्पतींचीं वर्णनें आहेत, आणि प्रारंभ कशानें केला आहे, तर आपल्या माडानें! इट्टी अच्युतन नांवाचा मलबारी वैद्य मल्याळींत माहिती सांगे. मानुएल कार्नेरो हा दुभाष्या ती पोर्तुगीजांत उतरवी. कारण त्या काळीं किनाऱ्यावरच्या व्यवहाराची ती समाईक भाषा होती. त्यावरून पुढें लॅटिन होई. शिवाय रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट हे तीन कोंकणीभाषी वैद्य-पंडित आपल्या निघंटूंच्या आधारें नांवें व गुणधर्म पारखून देत. हे सारस्वत. त्यांचा समाज पोर्तुगीजांच्या छळामुळें गोवा सोडून दक्षिणेस गेलेला.

इतक्या हातांतून गेलेली माहिती विश्वसनीय कशावरून? ऱ्हीडनें ह्या प्रश्नाचें उत्तर पहिल्या खंडाच्या प्रारंभींच दिलें आहे. वैद्याचा दाखला, दुभाष्याचा दाखला आणि तीन पंडितांचा दाखला, असे १६७५ च्या एप्रिल महिन्यांतले कागद त्यानें ज्याच्या त्याच्या लिपींत कोरवून छापले. पंडितांचा दाखला कोंकणी भाषेंत व नागरी लिपींत आहे. दोन वर्षें सकाळ-संध्याकाळ आपण हें काम केलें, अशी ग्वाही त्यांत आहे. ताम्रपटांवरच्या चित्रांतहि वनस्पतींचीं नांवें रोमन, मल्याळी, अरबी व नागरी अशा निरनिराळ्या लिपींत घातलीं आहेत. म्हणजे लॅटिन पानावर संशय आला, तर मागें जाऊन मूळ शब्द तपासण्याची वाट त्यानें मोकळी ठेवली. आणखी एक गोष्ट येथें विसरूं नये. इट्टी अच्युतन हा त्या काळच्या समाजांत खालचा मानलेल्या इळव जातीचा होता. त्याची साक्ष पंडितांच्या साक्षीच्या बरोबरीनें छापली गेली.

पण ह्या ग्रंथाचीहि एक उणीव होती, आणि ती लहान नव्हती. ज्या लोकांनीं हें ज्ञान दिलें, त्यांना तो वाचतां येत नव्हता. लिनीअससारख्या पंडितांनीं त्याचा आधार घेऊन वनस्पतींना नांवें दिलीं; पण केरळांतील डॉ. का. सु. मणिलाल यांनीं आयुष्यांतील अनेक वर्षें खर्चून केलेलें इंग्रजी भाषांतर केरळ विद्यापीठानें २००३ सालीं प्रसिद्ध केलें आणि मल्याळी २००८ सालीं. इट्टी अच्युतनाचे शब्द त्याच्या भाषेंत परत यावयास तीनशें तीस वर्षें लागलीं.

हा इतिहास ध्यानांत ठेवून आजच्या पद्धतीकडे वळूं. नव्या औषधाच्या पारखेला क्लिनिकल ट्रायल म्हणतात. तिच्यासाठीं जें सॉफ्टवेअर वापरतात, त्यांत प्रत्येक प्रश्नाला एक कायम खूणक्रमांक असतो, आणि त्या क्रमांकाखालीं निरनिराळ्या भाषांतील मजकूर टांगलेला असतो. रोग्याला प्रश्न मराठींत दिसतो; त्यानें 'होय' म्हटलें कीं आंत एक अंक नोंदला जातो, आणि जर्मनींतल्या रोग्याच्या होकाराचा अंकहि तोच असतो. सोय मोठी आहे, पण धोकेहि आहेत. मराठी मजकूर भरावयाचा राहिला, तर कित्येकदां यंत्र निमूटपणें इंग्रजी प्रश्न पुढें करतें. मूळ इंग्रजी प्रश्न सुधारला आणि मराठी जुनाच राहिला, तर दोन रोगी दोन वेगळ्या प्रश्नांना उत्तरें देतात आणि तीं एकाच रकान्यांत पडतात. म्हणून प्रत्येक मजकुराबरोबर आवृत्तीचा क्रमांक, तारीख, भाषांतर करणाराचें व तपासणाराचें नांव ठेवावें लागतें. ऱ्हीडच्या दाखल्यांचेंच हें नवें रूप नव्हे काय?

आयस्पोर ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या तज्ज्ञांनीं २००५ सालीं अशा भाषांतराची एक रीत घालून दिली. दोघांनीं स्वतंत्रपणें भाषांतर करावें, दोन्हींचा मेळ घालावा, तिसऱ्यानें मूळ न पाहतां त्याचें उलट भाषांतर करावें, आणि शेवटीं त्या भाषेच्या कांहीं सामान्य माणसांना तें वाचावयास देऊन त्यांना काय समजलें तें विचारावें. ही शेवटली पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कारण कोश जें सांगत नाहीं, तें तेथें उघडकीस येतें.

उदाहरणार्थ, 'मला पित्त झालें' असें मराठी माणूस म्हणतो तेव्हां त्याला बहुधा आंबट ढेंकर, जळजळ किंवा डोकेंदुखी अभिप्रेत असते. पण 'अंगावर पित्त उठलें' म्हटलें, कीं त्या त्वचेवरच्या गांधी झाल्या. पहिलें साधें अपचन असेल. दुसरें त्या औषधाचीच बाधा असूं शकेल, आणि तें वेळीं ओळखलें नाहीं तर जिवावर बेतण्याचा संभव असतो. घाईनें काम करणाऱ्या भाषांतरकारानें दोन्ही पित्तें एका रकान्यांत टाकलीं, तर औषधाचा दोष आंकड्यांत दिसणारच नाहीं. म्हणून रोग्याचे मूळ शब्दहि यंत्रांत जसेच्या तसे राहिले पाहिजेत.

दुसरी अडचण कल्पनेची. कोणा रोग्याला नवें औषध द्यावयाचें आणि कोणाला जुनें, हें अशा पारखेंत दैवावर सोडतात. डॉक्टर निवड करीत नाहींत. परिभाषेंत ह्याला 'यादृच्छिक' म्हणतात. पण हा शब्द ऐकून कोणाला बोध होईल? आमच्या कोंकणांत देवाच्या मूर्तीस पाकळ्या लावून कौल घेण्याची चाल आहे. 'हा एक कौलच समजा' असें कोणी सांगितलें, तर गांवकऱ्याला तत्काळ समजल्यासारखें वाटेल. परंतु तो चुकीचें समजेल. कौलामागें देवाची इच्छा असते, तो आपल्या हिताचा असतो, ही त्याची श्रद्धा. येथें मात्र कोणाचीहि इच्छा नसते. त्यापेक्षां नाणेफेकीचा साधा दाखला बरा. सोपा शब्द नेहमीं खरा शब्द असतोच असें नाहीं.

आपल्या देशांत २०१९ सालीं ह्या चाचण्यांचे नवे नियम झाले. भाग घेणाऱ्याला समजेल अशा, पारिभाषिक क्लिष्टता नसलेल्या भाषेंत माहिती द्यावी. तो निरक्षर असल्यास निःपक्षपाती साक्षीदार हजर असावा. माहितीपत्रकाची व संमतिपत्राची प्रत त्याला मिळावी, असें त्यांत सांगितलें आहे. दुर्बल स्थितींतल्या व्यक्तींवर अगदीं नव्या द्रव्याची चाचणी असेल, तर संमतीच्या वेळचें बोलणेंहि चित्रमुद्रित करावयाचें असतें. नियम चांगले आहेत. त्यांत प्राण ओतणें मात्र आपल्या हातीं आहे. आपल्या घरांतील कोणास असें संमतिपत्र पुढें आलें, तर तें आपल्या भाषेंत मागून घ्यावें, मोठ्यानें वाचावें, आणि काय समजलें तें आपल्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगावें. त्यांनीं 'होय, हेंच' म्हटल्यावर मग सही करावी. पारख संपल्यावर तिचा निष्कर्ष काय निघाला, हेंहि विचारावें आणि तें आपल्याच भाषेंत विचारावें. इट्टी अच्युतनाच्या वंशजांना जितकी वाट पाहावी लागली, तितकी आपण पाहण्याचें कारण नाहीं.