नियत साफ, वही कोरी

मुस्लिम विद्यार्थ्यांची एखादी समिती बंद पडली की बुलढाणा, मलकापूर, खामगाव, चिखली, कुठेही विचारा, कारण एकच सांगितलं जातं: मुखलिस, म्हणजे निष्ठेनं राबणारा, माणूस राहिला नाही. अमुक भाई होते तेव्हा सीरतचा कार्यक्रम व्हायचा, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून मिळायचे, रमजानात खोली करून राहणाऱ्या पोरांच्या सहरीची सोय व्हायची. भाई नोकरीला पुण्याला गेले आणि सगळं बसलं. मशिदीच्या ओट्यावर हेच ऐकू येतं आणि प्राध्यापकांच्या खोलीतही हेच. उपायही त्यातूनच निघतो: दुसरे एखादे भाई शोधा.

हे निदान चुकीचं आहे असं मला वाटतं. समित्या निष्ठेच्या अभावी मरत नाहीत. त्या मे महिन्यात मरतात, म्हणजे तिसऱ्या वर्षाची पोरं उन्हाळी परीक्षा देऊन गाव सोडतात तेव्हा. आणि जे भाई सगळं एकट्याच्या खांद्यावर वाहून नेतात, तेच पुष्कळदा या मरणाची तयारी करून ठेवतात, तेही अगदी साफ नियतीनं.

आधी समोरच्या बाजूचं म्हणणं नीट मांडायला हवं, कारण ते पोकळ नाही. २०११च्या जनगणनेत बुलढाणा जिल्ह्यात मुसलमान शेकडा तेरा-चौदा होते. जिल्ह्यात स्वतःचं विद्यापीठ नाही. महाविद्यालयं १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठाला जोडलेली. विद्यापीठ कायद्यातल्या विद्यार्थी परिषदेत अशा समितीला जागा नाही, त्यामुळे खोली नाही, निधी नाही, कुणा प्राध्यापकाची अधिकृत देखरेख नाही. दहा-बारा पोरं, एक व्हॉट्सॲप ग्रुप, एक रसीद बुक, एवढाच पसारा. अशा ठिकाणी कुणीतरी घरचं खाऊन राबल्याशिवाय काहीच उभं राहत नाही, हे खरं आहे. शिवाय बुखारींच्या संग्रहातली पहिलीच हदीस नियतीबद्दलची आहे. कृती नियतीवर तोलली जाते हे ज्यांनी लहानपणी मदरशात पाठ केलं, त्यांना वहीखात्याची गोष्ट दुय्यम वाटली तर नवल नाही.

पण इस्लामी परंपरा फक्त नियतीवर थांबलेली नाही. खालिद बिन वलीद यांची गोष्ट घ्या. त्यांच्याइतका यशस्वी सेनापती त्या काळात दुसरा नव्हता. तरी खलिफा उमर यांनी त्यांना पदावरून दूर केलं. तबरीच्या इतिहासात उमर यांचा खुलासा नोंदलेला आहे. त्याचा आशय असा, की राग आला म्हणून किंवा काही गैर सापडलं म्हणून हे केलेलं नाही. लोक खालिदवर विसंबायला लागले होते आणि विजय त्याच्यामुळेच मिळतो असं समजायला लागले होते. आपल्याकडच्या ‘भाई होते तेव्हा’ या वाक्याला चौदाशे वर्षांपूर्वी दिलेलं याहून नेमकं उत्तर मला तरी माहीत नाही. माणूस चांगला होता हेच त्याला बदलण्याचं एक कारण ठरलं.

यावर लगेच दुसरा मुद्दा पुढे येतो. निवड करायची म्हटलं तर कुणीतरी नाव द्यावं लागेल, आणि पद मागणाऱ्याला पद देऊ नये अशी शिकवण आहे. म्हणून मग शहरातली दोन-तीन वडीलधारी मंडळी आपसात मशवरा करतात आणि एका पोराला सांगतात, ‘बेटा, अब तू देख.’ पोरगा नाही म्हणू शकत नाही. दुसऱ्या कुणाला हवं होतं का, हे कुणी विचारत नाही.

पैगंबरांनी अब्दुर्रहमान बिन समुरा यांना सत्ता मागू नकोस असं सांगितल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे; तिच्या अस्सलपणाबद्दल वाद नाही. पण कुरआनच्या बाराव्या सूरेत यूसुफ मिसरच्या राजाला स्वतःहून सांगतात की कोठारं माझ्या ताब्यात द्या, आणि त्यासाठी स्वतःचे दोन गुण पुढे करतात: मी राखणारा आहे आणि मला त्यातलं कळतं. म्हणजे एका पैगंबरानं पद मागितलं, तेही पात्रतेचा दाखला देऊन. या दोहोंचा मेळ कसा घालायचा हा प्रश्न कुर्तुबींसारख्या तेराव्या शतकातल्या भाष्यकारानं याच आयतीखाली घेतला आहे. ते काम नीट करणारा आपल्याशिवाय दुसरा कुणी नाही हे यूसुफ यांना माहीत होतं, म्हणून मागणं योग्य ठरलं, असा त्यांच्या एका उत्तराचा रोख आहे. दोष हावरेपणाचा आहे, पुढे येण्याचा नव्हे. वडीलधाऱ्यांच्या खोलीतली निवड हदीसच्या आडून चालते, पण तिथे पात्रता विचारली जात नाही. बहुतेक वेळा आज्ञाधारकपणा पाहिला जातो. ज्याला हिशेब कळतो तो गप्प बसतो, कारण बोललं तर पदाचा भुकेला ठरेल.

आणि हिशेबाचं म्हणाल, तर तिथे परंपरा आणखी स्पष्ट बोलते. बनू सुलैम टोळीकडून जकात गोळा करायला पाठवलेले इब्नुल लुतबिया परत आले आणि म्हणाले, हे तुमचं, हे मला भेट मिळालं. पैगंबरांनी त्यांच्याकडून हिशेब घेतला, आणि मग सगळ्यांसमोर विचारलं की हा आपल्या आईबापाच्या घरी बसला असता तर याला भेटी आल्या असत्या का. नियतीची चौकशी झाली नाही, रकमेची झाली. कुरआनमधली सगळ्यात लांब आयतही नमाज-रोजाची नाही. ती देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवावा, साक्षीदार घ्यावेत, रक्कम लहान असली तरी लिहायचा कंटाळा करू नये, याची आहे. तेव्हा ‘भाईवर भरोसा आहे, हिशेब कशाला’ हे म्हणणं धार्मिक नाही. ती आपली इकडची भिडस्त सवय आहे.

ती सवय कुठून आली, तर एक वाट दर्ग्यांकडून येते. आपल्या जिल्ह्यात सैलानी आहे. होळीला तिथे केवढी गर्दी लोटते हे सांगायला नको. दर्गा, कब्रस्तान, जुनी इनामं यांचा कारभार घराण्यातून घराण्यात जातो हे लहानपणापासून पाहिलेलं, म्हणून जबाबदारी म्हणजे कुणाची तरी गादी, असं मनात बसतं. गंमत अशी, की मुतवल्ली, म्हणजे वक्फचा कारभारी, वंशपरंपरेनं आलेला असला तरी १९९५च्या वक्फ कायद्यानं त्याला दरवर्षी हिशेब सादर करायला बांधलेलं आहे. गादीवाल्यालाही जे चुकत नाही ते तीन वर्षांसाठी आलेल्या बी.कॉम.च्या पोराला आपण माफ करतो.

दुसरी वाट खुद्द महाविद्यालयातून येते, आणि ती फक्त मुसलमानांची नाही. १९८९ साली मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि महाराष्ट्रातल्या विद्यार्थी निवडणुकांवर पडदा पडत गेला. १९९४च्या विद्यापीठ कायद्यानं गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. २०१६च्या कायद्यात निवडणुका परत आल्या, पण कागदावर. म्हणजे आज विशीत असलेल्या पोरानं आपल्या महाविद्यालयात कुणी निवडून आलेलं आणि मुदत संपल्यावर खुर्ची सोडून गेलेलं पाहिलेलंच नाही. त्यानं पाहिलेत ते पक्षांचे युवा तालुकाध्यक्ष, जे चाळिशीतही युवाच असतात. मग समितीत पस्तिशीचे ‘सरपरस्त’ ठाण मांडून बसले तर तो तरी काय म्हणणार?

आता जिथे खरी गाठ आहे तिथे येतो, म्हणजे कॅलेंडरपाशी. अमरावती विद्यापीठाच्या परीक्षा हिवाळी आणि उन्हाळी. जुलै-ऑगस्टमध्ये नवी पोरं येतात, त्यांना समिती कळेपर्यंत दिवाळी येते, लगेच हिवाळी परीक्षा. उन्हाळी परीक्षेत जुने पदाधिकारी हॉल तिकीट आणि प्रॅक्टिकलच्या मागे, आणि शेवटचा पेपर झाला की खोली रिकामी करून घरी. ‘निकालानंतर बसू’ असं ठरतं. निकालानंतर कुणी पुण्यात, कुणी औरंगाबादेत, कुणी अकोल्यात.

त्यात समितीचं सगळ्यात मोठं काम रमजानचं, आणि तो दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. २०२२ साली तो एप्रिलमध्ये होता, २०२४ साली मार्च-एप्रिलमध्ये, २०२६ साली फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू. २०३० साली इंग्रजी वर्षात दोनदा रमजान सुरू होईल, एकदा जानेवारीच्या आरंभी आणि एकदा डिसेंबरच्या शेवटी. त्यानंतर दोन-तीन वर्षांत तो हिवाळी परीक्षेच्या अंगावर येईल. तीन वर्षांत शिकून जाणाऱ्या पोराला हे सरकणं आठवणीतून कधीच कळत नाही. त्याला वाटतं रमजान साधारण असाच असतो. इफ्तारला किती माणसं धरली, परीक्षा असताना किती आली, पाण्याचे जार कुणाकडून घेतले, कुठल्या हॉलवाल्यानं ऐनवेळी नाही म्हटलं, हे लिहिलेलं नसेल तर प्रत्येक तुकडी पहिल्यापासून ठेचा खाते. मुखलिस भाई इथे काय करतील? त्यांच्या डोक्यात सगळं आहे, आणि ते डोकं हिंजवडीत आहे.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे: सूत्रं जानेवारीत हलवावीत. हिवाळी परीक्षा संपलेली असते आणि जुन्या मंडळींचं अजून एक सत्र बाकी असतं. नव्यानं काम करावं, जुन्यानं शेजारी बसावं. हस्तांतर म्हणजे निरोप समारंभ नव्हे. चार-पाच महिन्यांचा शेजार आहे. तारीख मात्र विद्यापीठाच्या वेळापत्रकावर बांधायची, हिजरी महिन्यावर नाही, नाहीतर तीही सरकत जाईल.

कागदाला भिणारेही आहेत, आणि त्यांची भीती मला हसण्यावारी नेता येत नाही. १९७७ साली अलीगढला स्थापन झालेल्या सिमी या विद्यार्थी संघटनेवर सप्टेंबर २००१ मध्ये बंदी आली. त्याच डिसेंबरात सुरतेत अल्पसंख्याकांच्या शिक्षणावरच्या परिषदेला जमलेल्या १२७ जणांना सिमीचे म्हणून पकडलं गेलं. ते निर्दोष सुटले मार्च २०२१ मध्ये. काही जण तोवर हयात राहिले नव्हते. यानंतर एखादा बाप मुलाला ‘कशावर सही करू नकोस’ म्हणाला तर त्याला भित्रा कोण म्हणेल? तरीही मी उलट बाजूला आहे. कुणी विचारायला आलंच, तर सभेची तारीख, विषय आणि जमाखर्च दाखवणारी वही जवळ असलेली बरी. नसेल तर उत्तरं दुसऱ्याच कुणाच्या वहीतून निघतात. कोरी वही कुणाला वाचवत नाही.

पण याचा अर्थ नोंदणी करा, ट्रस्ट काढा, असा घेऊ नये. नोंदणीकृत संस्थांचं काय होतं तेही आपण पाहतो. सार्वजनिक न्यास कायद्याखाली विश्वस्त बदलले की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा. दोन गट दोन रिपोर्ट देतात आणि प्रकरण वर्षानुवर्षं धर्मादाय आयुक्तांकडे पडून राहतं. विद्यार्थ्यांच्या समितीला हे ओझं नको. तिला मुदत हवी आणि हिशेब हवा, बस्स.

मुदतीचं महत्त्व पाहायचं तर एकमेकांपासून कोसभर दूर असलेल्या दोन संघटना शेजारी ठेवा. एसआयओ ही जमाते इस्लामीची विद्यार्थी संघटना १९८२ची. तिची मीकात, म्हणजे कार्यकाळ, दोन वर्षांचा. संपला की अध्यक्ष बदलतो, आणि तिशी ओलांडलेल्याला जागा नाही. दुसरीकडे हमीद दलवाईंनी १९७० साली पुण्यात काढलेलं मुस्लिम सत्यशोधक मंडळ. दलवाई १९७७ साली चव्वेचाळिसाव्या वर्षी गेले, आणि त्यांच्याइतका माणूस पुन्हा मिळाला नाही हे मंडळवालेही मान्य करतील. तरी मंडळ चालू आहे. या दोघांचं एकाही प्रश्नावर जमणार नाही, पण दोघांनीही एका माणसावर दुकान मांडलं नाही. जुनं उदाहरण हवं तर अलीगढच्या ड्यूटी सोसायटीचं, अंजुमन-अल-फर्जचं. १८९० साली विद्यार्थ्यांनीच काढलेली. सुट्टीत गावोगाव फिरून गरीब विद्यार्थ्यांसाठी निधी गोळा करायचा हे तिचं काम. सव्वाशे वर्षांहून जास्त ती टिकली आहे. इतक्या तुकड्यांत सगळे मुखलिसच निघाले असतील असं मानायला माझं मन धजत नाही.

एक गोष्ट आपल्याकडे कुणी बोलत नाही. माझ्या पाहण्यात पदवीनंतर मुलं बाहेरगावी जातात, आणि बऱ्याच मुली बी.एड. किंवा एम.ए.साठी गावातच राहतात. समितीची आठवण टिकायची तर ती त्यांच्याकडे टिकेल. पण खात्यावर सही करायला, वही ठेवायला त्यांना कुणी बोलावत नाही; ‘भगिनी विभाग’ म्हणून एक रांगोळीवजा जागा देतात आणि मोकळे होतात.

जानेवारीत नेमकं काय हवाली करायचं, हे लांबलचक नाही. रसीद बुकं, वापरलेली आणि कोरी, अनुक्रमांकासह. मधला क्रमांक गहाळ असेल तर तसं लिहून. उधारी कुणाची आहे ते. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून दिलेल्या मुलांचे पासवर्ड मात्र कुणी कुणाला देऊ नयेत, ते त्या मुलांचे आहेत. व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन बदलायचे. आणि बँकेत जुन्या-नव्या खजिनदारांनी मिळून जायचं, सही बदलायची, मोबाइल नंबर बदलायचा. खात्याला जोडलेला नंबर बाहेरगावी गेलेल्या खजिनदाराचा असेल तर डेगच्या भाड्याचे पैसे द्यायला त्याच्या ओटीपीची वाट पाहावी लागते, आणि तो शिफ्टवर असतो.